नरसय्यांनी मागितलेला शब्द

“मॅडम, इंग्रजीत सगळ्यात जहाल शब्द कुठला? तो घाला,” शेठ म्हणाले.

सोलापुरातल्या टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या कारखान्यांची इंग्रजी पत्रं मी लिहून देते. त्यातली निम्मी माफीची. या वेळी शेठनी डेन्मार्कला पाठवलेल्या मरून टॉवेलांनी पहिल्याच धुण्यात रंग सोडला होता. तिथल्या हॉटेलात पाहुण्यांचे पांढरे कपडे खराब झाले. बायर पुढची ऑर्डर रद्द करायच्या बेतात होता.

“अनफरगिव्हेबल म्हणता येईल,” मी म्हटलं. “म्हणजे जिला माफीच नाही अशी चूक.”

“तेच लिहा. खाली लिहा, त्या माणसाला काढलं.”

तो माणूस समोरच उभा होता. नरसय्या, तीस वर्षं तिथलेच डाइंग मास्तर, म्हणजे रंगखात्याचे प्रमुख. माल पाठवण्याआधी तुकडा गरम पाण्यात धुवून रंग सुटतो का बघतात, ती वॉश टेस्ट. ती न करता नरसय्यांनी जुन्या सवयीनं ओला टॉवेल आपल्या पांढऱ्या बाहीवर घासला, डाग पडला नाही म्हणून लॉट पास केला.

मला त्यांची दया आली. “शेठ, मशीन बिघडलं होतं असं लिहू? रिग्रेटेबल म्हणू. वाईट वाटलं एवढंच कळतं त्यातून, कुणाचं नाव येत नाही.”

“मशीन चांगलं हाय की मॅडम,” नरसय्या म्हणाले. “त्याला कशाला बदनाम करता? अन् शेठ, माफी न्हाई हे आपण कसं ठरवायचं? कपडे त्यांचे गेले, ते ठरवतील. माझ्याकडं सांगायला कारणच न्हाई, असा शब्द हाय का इंग्रजीत?”

“आहे. इनएक्सक्यूजेबल.”

“तो घाला. टेस्ट मी केली न्हाई, हे बी लिवा. सही माझी. मला काढायचं तर काढा शेठ, पण ते पत्र येगळं.”

माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं मी लोकांना पळवाटा इंग्रजीत करून देत होते, आणि हा माणूस स्वतःची वाट स्वतःच बंद करत होता.

पत्र लिहून झालं तसा शेठनी सहीसाठी आपला पेन नरसय्यांपुढे सरकवला. मग म्हणाले, “पाठवा.”

आठवड्यानं उत्तर आलं. खराब लॉट परत येणार होता. पुढची ऑर्डर कायम, मात्र प्रत्येक वॉश टेस्टवर याच माणसाची सही हवी होती. शेठनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. नरसय्यांना काढायचं दुसरं पत्र काही त्यांनी लिहायला सांगितलं नाही.

आजवर शेकडो माफीपत्रं लिहिली. चूक ज्याची, सहीही त्याचीच, असं हे एकच.