पुरुषांच्या रांगेतली एक जागा

देवबागला निवडणूक आली की मुंबईहून माणसं येतात. उमेदवार गाड्या करतात, चाकरमानी पहाटे डोळे चोळत उतरतात, मत घालतात, दुपारी माशाचं जेवण हाणतात आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत जातात. बाहेरचे लोक या प्रकाराला नावं ठेवतात. मला मात्र त्या गाड्यांचा हेवा वाटत आला आहे. माझा नवरा मालवाहू जहाजावर फिटर आहे, आणि भरसमुद्रातून माणूस आणणारी गाडी अजून कुठल्याच पॅनलने काढलेली नाही.

लग्न होऊन आले आणि माझं नाव इथल्या मतदार यादीत चढलं. तेव्हापासून ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, जी म्हणाल ती निवडणूक मी एकटीने केली. दर वेळी हे कुठल्या तरी बंदरात नाहीतर दोन बंदरांच्या मध्ये. आमच्या शाळेत बायकांची रांग एका बाजूला असते, पुरुषांची दुसऱ्या. मधून नवरा-बायकोंची कुजबुज चाललेली असते, आणि मी कान देऊन ती ऐकते.

"चष्मो खंय?"

"तुमच्याच खिशात आसा."

"आणि चिठी?"

"आता चिठीय मीच सांभाळू?"

एवढंच. पण मला त्या भांडणाचा इतका लोभ सुटायचा की काय सांगू. आपणही असं कुणावर तरी चारचौघांत वैतागावं, आणि त्या माणसाने पलीकडच्या रांगेतून गुपचूप ऐकून घ्यावं.

मागच्या ग्रामपंचायतीच्या वेळी मी मालवणला तहसील कचेरीत जाऊन विचारून आले होते. नवरा जहाजावर आहे, त्याचं मत टपालाने घेता येईल का? कारकुनाने कागदावरून मान वर केली. "टपाली मत निवडणुकीच्या कामावर असलेल्या कर्मचाऱ्यांना असतं, ताई. जहाजावरच्यांसाठी तशी सोय नाही."

"म्हणजे जो शेजारच्या गावात शाळेत बसलाय त्याचं मत टपालाने येणार, आणि जो खराच लांब आहे त्याचं नाही?"

"नियम आहे," तो म्हणाला. बिचारा चिडलाही नाही, त्यामुळे मला नीट भांडताही आलं नाही. येताना एसटीत बसल्यावर माझं मलाच हसू आलं. मला कुठे मत हवं होतं? मला माणूस हवा होता, आणि माणूस टपालाने येत नाही.

पण त्या वर्षी नशीब फिरलं. यांचं कंत्राट नेमकं त्याच महिन्यात संपत होतं. फोनवर म्हणाले, "ह्या खेपेक येतलंय. मत घालूकच येतलंय बघ." यांचे चुलतभाऊ, माझे भावजी, आमच्याच प्रभागातून उभे होते. त्यांना तर केवढा आनंद! "वैनी, दादाचा मत म्हंजे माका धा मतां," असं ते वाडीभर सांगत फिरले. मीही कुठलं मन आवरतेय. यांचा निळा शर्ट काढून इस्त्री केला, दोघांच्या मतदार चिठ्ठ्या देवाजवळ ठेवल्या. हे आदल्या दिवशी पोचायचे होते. पण यांच्या जागी जो माणूस चढायचा होता तो बंदरात उशिरा आला, आणि तिथून पुढचं सगळंच सरकलं. गोव्यात मोपा विमानतळावर उतरायचे ते थेट मतदानाच्या दिवशी, तेही दुपारी.

सासू सकाळीच मत घालून आली. "तू कधी जातंस गो?" म्हणाली. मी म्हटलं, हे आले की दोघं जाऊ. शेजारणी दारावरून जाताना टोमणे मारत होत्या: "घोवाशिवाय मत पडणा नाय काय गो तुजा?" भावजी दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले ते हात जोडूनच. "वैनी, तुमी आपला मत घालून येवा, मगे दादाची वाट बघा. दोनय गेली तर माझा कसा होतला?" त्यांचं काही चुकत नव्हतं. पण मला ते एकटीने जाणं आता नकोच झालं होतं. इतकी वर्षं केलं ते केलं. आज माणूस वाटेत असताना नाही.

विमान लेट झालं. मग बांद्याहून फोन आला. मग कुडाळहून. धामापूरच्या तलावाजवळून आला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. "तळा दिसता, इलंय बघ," म्हणाले. आवाजात अगदी पोरकट घाई होती. आणि मला धामापूर ते देवबाग रस्ता पाठ आहे. पुढे मालवणचा बाजार, मग तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या. मी हिशोब केला नाही. साडी नीट केली आणि शाळेत गेले.

फाटकात पोलिसाने मोबाइल आत नेऊ दिला नाही. तो सोबत आलेल्या सासूच्या हातात दिला. आता हे कुठवर आले ते कळायची सोय उरली नाही. रांगेत माझ्या मागे कुणी आलं की मी म्हणायची, "फुडे हो, माका घाई नाय." कुणी नवल केलं, कुणी हसलं, आणि सगळ्या पुढे गेल्या. पलीकडे पुरुषांच्या रांगेत चार माणसं होती. त्यांच्या शेवटी मोकळी जागा होती, आणि मी सारखी तिकडेच बघत होते.

साडेपाच वाजले आणि केंद्राध्यक्ष हातात चिठ्ठ्या घेऊन बाहेर आले. वेळ संपली की रांगेत जेवढे असतील तेवढ्यांनाच मत देता येतं, त्यासाठी त्या चिठ्ठ्या. मला वाटलं पुढून वाटत येतील. ते सरळ माझ्याकडे आले.

"शेवटून सुरुवात करतात, ताई," ते म्हणाले. "म्हणजे नंतर कुणी मागे येऊन उभं राहत नाही."

पहिली चिठ्ठी माझ्या हातात पडली. मग ते पुरुषांकडे गेले आणि तिथल्या शेवटच्या म्हाताऱ्यालाही दिली. पोलिसाने फाटक लावून घेतलं. म्हाताऱ्यामागची जागा मोकळीच राहिली.

थोड्या वेळाने गाडीचा हॉर्न वाजला. हे धावत फाटकाशी आले, खांद्याला बॅग तशीच.

"दादा, आत सोडा माका. खंयसून इलंय ठाऊक आसा?"

"वेळ संपली, साहेब. आता नाही सोडता येत."

पोलीस वाईट नव्हता. पण फाटक त्याने उघडलं नाही. मला बाहेर जाता येत नव्हतं, गेले असते तर माझंही मत गेलं असतं. भावजी कुंपणापलीकडून दोन्ही हात हलवून मला तेच सांगत होते. ते निवडून आले पुढे, तरी त्या एका मताचा विषय अजून काढतात. मी आपली जागेवर उभी राहिले आणि बघत राहिले. नऊ महिन्यांनी बघत होते. दाढी किती पांढरी झालीय हे फोनच्या पडद्यावर कधी दिसलंच नव्हतं. हात लावावासा वाटत होता, आणि मध्ये शाळेचं एवढंसं अंगण होतं.

माझी पाळी आली. यादी वाचणारे मास्तर होते, वर्गात शिकवायचा खणखणीत आवाज. त्यांनी माझा अनुक्रमांक वाचला. मग माझं नाव, त्याला जोडून यांचं नाव, मग आडनाव.

"आसंय!" बाहेरून हाक आली.

उमेदवारांचे प्रतिनिधी आधी दचकले, मग सगळी खोली हसायला लागली. मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "त्यांना सांगा कुणीतरी, इथे हजेरी चाललेली नाही."

मी हसले नाही. शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले, सरपंचाचं बटण दाबलं, मग सदस्यांची. मशीन वाजल्यावर बाहेर आले. पोलिसाने फाटक माझ्यापुरतं उघडलं.

यांनी बॅग खाली ठेवली होती. माझ्याकडे न बघता, शाळेच्या दाराकडे बघत विचारलं, "माझा नाव दर खेपेक वाचतत?"

"दर खेपेक."

"मगे तू काय सांगतंस?"

"काय सांगतलंय? शाई लावून घेतंय आणि घराक येतंय."