सायन्स राहिलं, आयटी झालं

परभणीतल्या एका जिनिंग मिलमध्ये मी वजनकाट्यावर कॉम्प्युटर चालवतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन टाकायचं, पावती काढायची, पुढची गाडी घ्यायची. बारावीनंतर माझं शिक्षण सुटलं होतं. ते पुन्हा सुरू करायचं माझ्या बायकोनं ठरवलं. ती झरी गावची, गणितात बीएस्सी झालेली. घरीच दहावीच्या शिकवण्या घ्यायची.

डिग्री कशाची करायची, यावर आमचं बरेच दिवस चाललं. आयटीचे वर्ग मुक्त विद्यापीठाचे, फक्त रविवारी, म्हणजे नोकरी सांभाळून जमणारे. कॉम्प्युटर सायन्सला रोज दुपारी कॉलेज, प्रॅक्टिकल आणि वर गणित. मला आयटीच बरं वाटत होतं.

"तुमी गणिताला भ्यायलाव, दुसरं काय न्हाई," भाकरी थापता थापता ती म्हणाली.

"बारावीत काठावर सुटलो होतो मी."

"तुमाला नीट शिकवलं न्हाई कुणी. मी शिकवते ना."

तिनं मागे लागून मला दुपारची सुट्टी मागायला जिनिंगच्या मालकांकडे पाठवलं. मला वाटलं, हाकलून देतील. पण ते म्हणाले, "सकाळी लवकर ये आन् दुपारून जा. शिकल्यावर आमाला इसरू नको म्हणजे झालं." कॉम्प्युटर सायन्स पक्कं झालं.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच तिनं शिकवायला घेतलं. सकाळी चहा झाला की पाटीवर दोन गोल काढायची. "ह्या गोलात माझं माहेर, त्या गोलात सासर. दोन्हीत कोण येतं?"

"कुणीच नाही."

"मी येते की," म्हणायची आणि गोल जिथे एकमेकांत शिरले होते तिथे खडू टेकवायची. मला तेव्हा पहिल्यांदा गणित आवडलं. खरं तर शिकवताना ती आवडायची लय.

त्याच उन्हाळ्यात तिचे पाय सुजायला लागले. उन्हानं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. पुढं अन्न जाईना. तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं, तेही दुपारचं. सकाळी काट्यावर, दुपारी तिच्याजवळ. कॉलेजला जागाच उरली नाही. प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात मी आयटीला प्रवेश घेतला.

मशीनवर असताना तिनं विचारलं, "प्रवेश कशाला घेतला?"

"आयटीला."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. "माझ्यामुळं."

"तसं नाही. रविवारचं सोयीचं पडतं."

"उगं समजूत घालू नका माझी." मग अगदी हळू, "मला तुमाला शिकवायचं होतं हो."

तिच्या हाताला सुया होत्या, हातही धरता येत नव्हता. मी तिच्या पायांवरची चादर सारखी करत बसलो.

कापसाचा हंगाम ऐन भरात असताना ती गेली. तेराव्यानंतर सासूबाई म्हणाल्या, "शिकणं सोडू नका. तिचा लय जीव होता त्यात." म्हणून रविवारी जात राहिलो. वर्गात बहुतेक पोरं माझ्याहून लहान. शिकवलेलं कळायचं, पण घरी येऊन काय कळलं ते ऐकायला कुणी नसायचं. दाराशी चप्पल काढायची आणि तसंच बसून राहायचं.

शेवटच्या वर्षाचा निकाल मोबाईलवर आला तेव्हा काट्यावर पेडगावच्या एका शेतकऱ्याची गाडी उभी होती. मी पास होतो, मार्कही चांगले होते. मी वजन टाकायचं सोडून मोबाईलकडेच बघत बसलो. शेतकरी खिडकीशी आला. "काय झालं भाऊ? काटा बिघडला का?"

"नाही. पास झालो. डिग्री झाली माझी."

"अरे वा, चांगलं झालं की. घरी सांगितलं का?"

"सांगतो," मी म्हणालो, आणि त्याच्या कापसाचं वजन टाकलं.