न लागलेला पाय

अकरा वर्षं मी पळण्याचा पगार घेतला. विंगर होतो. मैदानाच्या उजव्या रेषेला धरून पळायचं, समोरच्याला चकवायचं आणि बॉल गोलसमोर टाकायचा, एवढंच काम. त्या अकरा वर्षांतली एकच गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली आहे, आणि नेमकी तीच खोटी आहे.

आमची वसईतल्या पापडीला केळीची आणि फुलांची वाडी. फुटबॉल म्हणजे रिकामटेकड्यांचा नाद, असं वडलांचं ठाम मत. मी मात्र चर्चच्या मैदानावर वाढलो. तिथे दर रविवारी अर्नाळ्याहून एक मुलगा यायचा, कोळ्याच्या घरचा, माझ्याच वयाचा. तो बचावात डावीकडे, मी हल्ल्यात उजवीकडे. त्यामुळे कायम समोरासमोर. दहातल्या सात वेळा तो बॉल काढून घ्यायचा, आणि मी पडलो तर हात देऊन उठवायचा. पुढे आम्हा दोघांना मुंबईतल्या दोन वेगवेगळ्या क्लबांनी घेतलं.

एका वर्षी त्या दोन क्लबांची गाठ पडली. जो जिंकेल तो वरच्या विभागात जाणार होता. मी सबंध सामनाभर त्याच्यापुढे पाणी भरलं. मध्यंतरात मॅनेजर माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाला, "जमत नसेल पुढे जायला तर पडायला तरी येतं ना?" बाकीचे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

शेवटच्या काही मिनिटांत मी बॉल घेऊन गोलसमोरच्या चौकटीत शिरलो. तो आला, त्याने पाय घातला, आणि अगदी वेळेवर मागे घेतला. मला काही लागलं नाही. मी किंचाळून पडलो. रेफ्रीने त्याला लाल कार्ड दाखवलं, आम्हाला पेनल्टी मिळाली, आम्ही जिंकलो. बाहेर जाताना तो माझ्याकडे बघत होता. मी घोटा धरून डोळे मिटून घेतले.

आमच्या क्लबाने मला दोन वर्षांचा करार दिला. त्याच्या क्लबाने त्याला पुन्हा बोलावलं नाही. तो अर्नाळ्याला परतून बोटीवर गेल्याचं कळलं. त्यानंतर कितीतरी वेळा मी अर्नाळ्याच्या बसस्टॉपवरून पुढे गेलो, पण उतरलो नाही. दोन वर्षांनी माझा गुडघा गेला. तोच मॅनेजर "कळवतो" म्हणाला आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. अशा माणसाच्या शब्दावर मी आडवा झालो होतो!

आता मी वसईत मुलांना फुटबॉल शिकवतो. गेल्या वर्षी एका मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि ज्याने जन्मात बॉलला पाय लावला नाही असा अध्यक्ष. तो म्हणाला, "ह्यांच्या प्रसंगावधानामुळे त्या दिवशी वसईचं नाव झालं!" टाळ्या पडल्या. माझं डोकं फिरलं. मी माइक हातात घेतला. "त्याचा पाय मला लागलाच नव्हता. मी मुद्दाम पडलो. तो अर्नाळ्याचा होता, म्हणजे वसईचाच, आणि त्याचा खेळ माझ्यामुळे संपला."

पुढच्या रांगेतून एकजण ओरडला, "बघा, किती साधा माणूस!" आणि पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या. त्यांना खरं ऐकायचंच नव्हतं. मी शाल खुर्चीवर टाकून निघून आलो.

दुसऱ्या सकाळी अर्नाळ्याला गेलो. तो किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. केस पांढरे, खांदे तसेच रुंद. मला पाहून उठला नाही.

"काल मी सगळ्यांसमोर सांगितलं," मी म्हणालो. "तू मला पाडलं नव्हतंस म्हणून."

"मला कशाला सांगतोस? मला तवाच म्हाईत होतं."

"माफी मागायला आलोय."

त्याने सुई थांबवली. "माजा बाप मरेपर्यंत विचारायचा, 'खरं सांग, त्या पोराचा पाय तू मोडायला गेलास का?' मी 'नाय' बोललो, तरी त्याला पटलं नाय. पेपरात छापून आलं व्हतं ना. चार वर्षं झाली बापाला जाऊन." मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तवा यायचं व्हतंस. आता बोललास त्यात तुजं काय गेलं?"

खरंच काही गेलं नव्हतं. त्याच्या बायकोने तांब्या आणून दिला. तो जाळ्यावरची नजर न उचलता म्हणाला, "पानी पिऊन जा." मी प्यायलो. त्याने हात पुढे केला नाही, आणि मलाही करवला नाही.

मी शिकवतो त्या भाड्याच्या टर्फ मैदानाच्या दारावर मालकाने माझा त्या सामन्यातला मोठा फोटो लावलाय: मी हवेत आडवा, तोंड वेडंवाकडं. तो काढायला सांगितलं तेव्हा मालक हसला. "सर, तो बघूनच तर पालक येतात." मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. फोटो अजून तिथेच आहे, आणि मी रोज त्याच्याखालून आत जातो.