उतारावर घातलेली काडी

डिझेलचा वास आला की तो ट्रक आठवतो. लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात आम्ही तंबूतला सिनेमा गावोगाव फिरवायचो. ट्रकाच्या मागच्या भागातच आमचा संसार होता. मुखेडजवळ टँकरचं पाणी पिऊन बायकोला जुलाब-उलट्या लागल्या. पंपावर डिझेल न्हाई. टाकीत काडी घातली तर दोनच बोटं भिजली. हळू गेलो तरच नांदेडच्या दवाखान्यापर्यंत पुरेल म्हणून गाडी बैलगाडीसारखी हाकली, उतार आला की न्यूट्रल. मागच्या खिडकीतून ती म्हणाली, "अहो, जरा दामटा की." मी खेकसलो, "रस्त्यातच बंद पडली तर?" ती म्हणाली, "लई जपता हो ट्रकाला." मग बोललीच न्हाई. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणली असती तर वाचली असती. बाहेर येऊन मी सवयीनं टाकीत काडी घातली. पाच बोटं भिजली. मुखेडला काडी घातली तेव्हा ट्रक उतारावर उभा होता, डिझेल एका अंगाला सरकलं होतं, आणि ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई. आता म्हातारा झालो, पण कुणी गाडीच्या अ‍ॅव्हरेजच्या गोष्टी काढल्या की मी उठून जातो.