मुळांखालची खडी

शेवाळाचा वास आला की राजारामपुरीतल्या त्या हॉटेलातली माशांची टाकी आठवते. नव्वदच्या दशकात मी अशा टाक्या साफ करून पोट भरायचो. त्या टाकीत खरी रोपं होती, म्हणून मी नळीतून तोंडानं पाणी ओढून धार सुरू करायचो आणि खडीचा फक्त वरचा थर साफ करत होतो. मालक गिऱ्हाइकांसमोर ओरडला, “ओ पावणं, खालची घाण तशीच हाय की!” मी म्हणालो, “खाली मुळं हायत. ती घाणच त्यांचं खत.” “कामचुकारपणा झाकाय बरं सुचतंय तुमास्नी!” सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी नळी तळापर्यंत खुपसून खडी उपसली. रोपं उपटून वर तरंगली, पाणी काळं झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. मालकाचा आवाज एकदम उतरला. “लेकीचा जीव हाय त्या माशांवर, काय तरी करा.” मग टाकीतलं काळं पाणी काढून पिंपातलं, क्लोरीन उडालेलं शिळं पाणी बादलीबादलीनं भरण्यात माझी दुपार गेली. निम्मे मासे वाचले. याला काम येत नाही, असं त्यानं पुढं गल्लीगल्लीत सांगितलं. तळापर्यंत उपसायला कुणी डिवचलं, ते मात्र कधीच सांगितलं नाही. तो राग अजून आहे. पण काय होणार हे ठाऊक असूनही मी नळी खुपसली, हे मीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.