पुलावरचा राक्षस

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात शहादेव ट्रॉलीत सामान भरताना पाण्याच्या टाकीसकट खाली आला. टाकीला काही झालं नाही. पाय गुडघ्याखाली मोडला.

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला कोयता म्हणतात. शहादेव आणि मंगल यांचा कोयता ठरलेला होता आणि ट्रॅक्टर दारात उभा होता. मंगलचा भाऊ पंडित याची बायको बाळंतीण होती, म्हणून त्याची जोडी त्या वर्षी फुटली होती. मुकादमानं उभ्या उभ्या भाऊ-बहिणीचा एक कोयता केला. मंगलनं नवऱ्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, सासूला दोन गोष्टी सांगितल्या आणि ती ट्रॉलीत जाऊन बसली. पंडित म्हणाला, "दाजी, आराम करा." असं आजवर शहादेवला कुणी म्हणालं नव्हतं.

वस्ती लिंबागणेश आणि नेकनूर यांच्या मधे, रस्त्याला लागून. शहादेव मिसरूड फुटायच्या आधीपासून तोडीला जात होता. दसऱ्यानंतर गाव कसं दिसतं हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं, तर पाहण्यासारखं काही नव्हतं. कड्याकुलपं, म्हातारी माणसं, आणि दुपारभर एकच कोंबडा. चार दिवसांत त्याला कंटाळा आला. आई, छबुबाई, भाकरी वाढताना म्हणाली, "पायाला आराम दे म्हनले डाक्टर. तोंडाला न्हाई. कुठंतरी जाऊन बोलून ये."

युवराज त्याच रस्त्यावर ॲपे रिक्षा चालवायचा. त्यानं शहादेवला प्लास्टरसकट पुढच्या सीटवर बसवलं आणि नेकनूरच्या स्टँडजवळ मुजाहिदच्या दुकानात नेऊन सोडलं. मुजाहिद मोबाईल आणि टीव्ही दुरुस्त करायचा. दुकानाच्या मागच्या भागात एक मोठा टीव्ही, एक जुना गेमचा डबा आणि तीन खुर्च्या होत्या. गिऱ्हाईक नसलं की मुजाहिद तिथं बसायचा, आणि सवारी नसली की युवराजही. दोघं मिळून एकच गेम खेळायचे आणि त्यावरून भांडायचे.

गेममधला माणूस परदेशी होता. त्याचं नाव कुणाला नीट घेता येत नव्हतं. मुजाहिद त्याला हीरो म्हणायचा. हीरोची बहीण हरवली होती आणि तो घोड्यावर बसून बर्फातून तिला शोधत चालला होता. वाटेत चोर भेटत, लांडगे भेटत. पुढं एक लाकडी पूल होता आणि पुलावर लोखंडी सोटा घेतलेला एक राक्षस उभा होता. तिथं मुजाहिदची गाडी गेल्या पावसाळ्यापासून अडकली होती.

"तुमीच सांगा शहादेवभाऊ," युवराज म्हणाला. "हे ग्राफिक्स बघा. घोड्याच्या नाकातून वाफ येती. बर्फावर पाय उमटतो अन् हळूहळू भरून जातो. एवढं कुणीतरी बसून केलंय. अन् हा मानूस बघतच न्हाई. निस्तं मार, मर, मार, मर."

"वाफ बघायची तर घरी चहा ठिवून बघ," मुजाहिद म्हणाला. "खेळ म्हंजे लेव्हल. मी हार्डवर लावलाय, हार्डवरच संपवणार."

"संपतोय कुठं? दोन सोट्यांत मरतो तू. इझीवर कर, पूल वलांड, मग पुढचं तरी दिसंल. पुढं काय हाय कुणाला म्हाईत."

"इझीवर माझी आमिनाबी पन खेळंल." आमिनाबी म्हणजे त्याची आई. तिला टीव्ही चालू करता येत नव्हता.

शहादेवनं दोघांचं ऐकून घेतलं. त्याला ग्राफिक्स आणि लेव्हल हे शब्द नवे होते, भांडण ओळखीचं होतं. तो म्हणाला, "घोडा चांगला हाय." दोघांनीही ते आपल्या बाजूनं धरलं.

मग तो रोज जायला लागला. मुजाहिद दुरुस्तीला उठला की रिमोट शहादेवच्या हातात यायचा. पहिले काही दिवस त्यानं हीरोला भिंतीला धडकवलं, नदीत पाडलं, एकदा स्वतःच्याच घोड्यावर तलवार चालवली. पण नंतर तो निवांत फिरायला लागला. बहिणीला शोधायची त्याला घाई नव्हती. तो बर्फात एखाद्या झाडाखाली हीरोला बसवायचा आणि आपणही बसायचा. युवराजला वाटायचं, आपल्याला ग्राफिक्सवाला माणूस मिळाला. मुजाहिदला वाटायचं, याला अजून बटणं कळलेली नाहीत.

मंगलचा फोन संध्याकाळी यायचा, कर्नाटकातल्या कुठल्याशा कारखान्याच्या तळावरून.

"काय केलं दिवसभर?"

"बसलो."

"पाय?"

"हाय."

आपण बर्फात घोडा फिरवतो हे त्यानं तिला सांगितलं नाही. ती थंडीत पहाटे उठून ऊस तोडत होती. सांगायला सुरुवात कुठून करावी तेच त्याला कळत नव्हतं.

माघाच्या सुरुवातीला मुजाहिद चुलत बहिणीच्या लग्नाला परभणीला गेला आणि दुकानाची किल्ली युवराजकडं देऊन गेला. त्या दिवशी युवराजनं रिक्षा सकाळीच उभी केली. शटर अर्धं वर घेतलं, शहादेवला आत बसवलं, आणि गेमच्या आत कुठंतरी जाऊन लेव्हल हार्डवरून इझीवर आणली.

"त्याला कळंल," शहादेव म्हणाला.

"परत हार्ड करून ठिवतो. निस्तं पुढं काय हाय ते बघू."

पुलावर राक्षसानं सोटा उगारला. युवराजनं चार घाव घातले. राक्षस गुडघ्यावर आला, मग आडवा झाला, मग पुलावरून खाली गेला. एवढ्यात संपलं म्हणून दोघं जरा वेळ टीव्हीकडं बघत राहिले. पूल ओलांडल्यावर डोंगर उतरला, बर्फ संपला आणि समोर समुद्र आला. सूर्य खाली गेलेला, पाणी तांबूस. शहादेवनं समुद्र आयुष्यात पाहिला नव्हता. त्यानं विचारलं, "ह्ये हालतंय कावून?"

"लाटा हायत."

तेवढ्यात बाहेर कुणीतरी रिक्षासाठी हाक मारली. युवराज टीव्ही बंद करून पळाला.

मुजाहिद परत आला. त्यानं गेम लावला आणि समुद्राच्या काठावर उभा असलेला हीरो त्याला दिसला. युवराज त्या वेळी सवारी घेऊन लिंबागणेशला गेलता. खुर्चीत एकटा शहादेव होता.

"राक्षस कुणी मारला?"

शहादेव गडी खोटं बोलणारा नव्हता. पण युवराज त्याला रोज आणून सोडत होता, आणि मोडल्या पायाच्या माणसाला एवढी आठवण राहते. तो म्हणाला, "मी."

"हार्डवर?"

"व्हता तसाच."

मुजाहिदनं त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या प्लास्टरकडं बघितलं. "भाऊ, मानलं तुमाला," एवढंच तो म्हणाला.

दुपारपर्यंत ते स्टँडवर सगळ्यांना कळलं. फळगाडीवाला चाँद पपई कापता कापता उठून आला आणि शहादेवला बघून गेला. ज्यांना गेम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं त्यांनाही एवढं समजलं, की वस्तीवरच्या शहादेवनं एका पायावर कुणाला तरी मारलं. औषधाच्या दुकानात त्याला खुर्ची दिली. युवराज तर लाजेनं त्याच्याशी बोलेना, आणि रिक्षात नेताना शेजारी बघायचं टाळू लागला.

तिसऱ्या दिवशी ती बातमी कुणाच्या तरी फोनवरून तळावर पोचली आणि मंगलचा फोन दुपारीच आला.

"पंडित म्हनतोय तुमी मारलं म्हनं."

"हां."

"कुनाला?"

"राक्षसाला."

"कुठं?"

"मुजाहिदच्या दुकानात."

"गोळ्या टायमाला घेता ना तुमी?" मंगल म्हणाली.

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. घोडा, बर्फ, पूल, युवराज, इझी, समुद्र, आणि आपण काय खोटं बोललो तेही. शेवटी ती म्हणाली, "मग खरं मारून टाका. हाय ना टाईम तुमाला." आणि गाडी भरायला आली म्हणून फोन ठेवला.

शहादेवनं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकानात मुजाहिद एकटा एका मोबाईलची काच बदलत होता. शहादेव काठी टेकून समोर उभा राहिला. "मी मारला न्हाई. युवराजनं इझीवर मारला. मी खोटं बोललो."

मुजाहिदनं काच जागेवर बसवली, अंगठ्यानं दाबली. "मला म्हाईत हाय."

"कसं?"

"तो पठ्ठ्या लेव्हल परत चढवायचं इसरला. त्या दिवशी मी खेळायला बसलो तर पहिला चोर एका फटक्यात पडला. दुसरा पन पडला. हार्डवर चोर असे पडत न्हाईत."

"मग गावभर कावून सांगितलं?"

मुजाहिदनं बाहेर कुणी नाही ना ते बघितलं. "मला पन पुढचं बघायचं होतं. पावसाळ्यापासून त्या पुलावर उभा होतो. मी इझीवर केलं असतं तर युवराज मरूस्तोर बोलला असता. तुमी मारला म्हनल्यावर कुनाचंच काई गेलं न्हाई."

"अन् आता कशावर खेळतो?"

"इझीवर," मुजाहिद म्हणाला. "समुद्र लई भारी केलाय. पान्याखाली मासे दिसतात." तो पुन्हा मोबाईलकडं वळला. "युवराजला सांगू नका."

शहादेवनं खुर्ची टीव्हीसमोर ओढली. मग म्हणाला, "मला नवीन लावून दे. पयल्यापासून. हार्डवर."

मुजाहिदनं त्याला नवीन गेम लावून दिला. पुढचे दिवस तो दुपारी येऊन मुकाट खेळायचा. चोरांनी त्याला मारलं, लांडग्यांनी मारलं. मेला की हीरो शेकोटीशेजारी पुन्हा उभा राहायचा आणि शहादेव पुन्हा निघायचा. मुजाहिद मेल्यावर रिमोट आपटायचा, युवराज मेल्यावर सेटिंगला दोष द्यायचा. शहादेव मेल्यावर प्लास्टर खाजवायचा. नंतर प्लास्टर निघालं, मग तो पायाची बोटं हलवून बघायचा.

पुलावर पोचायला त्याला होळी आली. राक्षस तसाच उभा होता. हार्डवरचा राक्षस खरोखर वेगळा होता. त्याचा एक सोटा लागला तरी हीरो अर्धा व्हायचा, आणि तो थकायचाच नाही. शहादेव रोज त्याच्यासमोर जाऊन मरायचा. युवराज एकदा हळूच म्हणाला, "भाऊ, माझ्यामुळं हे कावून करता? कुनी इचारत न्हाई तुमाला."

"तुझ्यामुळं न्हाई," शहादेव म्हणाला. त्यात आता थोडं खरंही होतं.

ज्या दुपारी राक्षस मेला त्या दुपारी युवराज बीडला गेलता आणि मुजाहिद नमाजला. शहादेव बराच वेळ घाव न घालता नुसता राक्षसाभोवती फिरत होता. सोटा खाली यायचा, तो बाजूला व्हायचा. मधेच एखादा घाव घालून परत लांब जायचा. तळहाताला घाम आला होता. मोडलेला पाय त्यानं जमिनीत एवढा रोवला होता, की ठणका पार मांडीपर्यंत चढला. हीरोचं रक्त संपत आलं होतं, राक्षसाचंही. शेवटच्या घावाला शहादेवनं डोळे मिटले. उघडले तेव्हा पूल मोकळा होता.

त्यानं मागं वळून बघितलं. दारात चाँद उभा होता. मोबाईल चार्जिंगला लावायला आला होता आणि त्यानं सगळं बघितलं होतं.

"हा तोच न्हाई का?" चाँद म्हणाला.

"तोच."

"हा तर तुमी आधीच मारलता."

शहादेवनं रिमोट मांडीवर ठेवला.

"आजून किती बार मारनार याला?" चाँदनं चार्जर लावला. "दुसरा काई गेम आनायला सांगा मुजाहिदला." आणि तो गाडीवर माशा बसल्या म्हणून निघून गेला.

मुजाहिद आल्यावर शहादेवनं त्याला सांगितलं. मुजाहिदनं रिकामा पूल बघितला, गेमच्या आत जाऊन लेव्हल तपासली, ती हार्डच होती. त्यानं शहादेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. गावात सांगण्यासारखं मात्र काही राहिलं नव्हतं, ते आधीच सांगून झालं होतं.

पाडव्याला टोळी परत आली. मंगल वाळली होती, काळी पडली होती, हाताला पट्ट्या होत्या. दुसऱ्याच दिवशी तिचा बंद पडलेला मोबाईल घेऊन दोघं नेकनूरला गेले. शहादेव आता काठीशिवाय चालत होता, पण उतारावर तिचा खांदा धरत होता. मुजाहिदनं तिला मागच्या खुर्चीवर बसवलं, "वहिनी, बघा" म्हणून टीव्ही लावला. युवराजही आला. तिघं मिळून तिला सांगू लागले. युवराजनं वाफ दाखवली, मुजाहिदनं लेव्हल समजावली, शहादेवनं पूल दाखवला.

मंगलनं सगळं ऐकलं. "म्हंजे ह्याच्यात सोपं करायचं बटन हाय?"

"हाय," मुजाहिद म्हणाला.

"अन् ते हाताशी असून तुमी अवघड खेळता?"

मुजाहिदनं समोरच्या हॉटेलात चार चहा सांगितले.

चहा पिऊन होईपर्यंत शहादेव घोडा घेऊन समुद्रापाशी पोचला होता. मंगल पुढं सरकून बसली. तिनं रिमोट मागितला नाही, पण "त्या खडकाकडं घ्या", "आता थांबा" असं सांगत राहिली, आणि तो घेत राहिला, थांबत राहिला. मोबाईल केव्हाच दुरुस्त होऊन टेबलावर पडला होता.

पुढच्या दसऱ्यानंतर दोघांचा कोयता पुन्हा गेला. फडात गाडीची वाट बघत बसलं की माणसं शहादेवला राक्षसाची गोष्ट सांगायला लावतात. त्याच्याकडं दोन गोष्टी आहेत, एक खोटी आणि एक खरी. तो दोन्ही सांगतो आणि कोणती कुठली तेही सांगतो. माणसांना पहिलीच आवडते, कारण तिच्यात परभणीचं लग्न आहे. दुसरीत तो नुसता मरत राहतो. ती मंगल एकटी पुरती ऐकते.