लिफ्टजवळची जागा आणि प्रामाणिक यादी

रविवारी सभेत नियम ठरला. मंगळवारी पसंतीच्या याद्या दिल्या. शुक्रवारी संगणकावर वाटप झाले. शनिवारी सकाळी फलकावर निकाल लागला. या चार दिवसांसाठी मी ज्यांना जबाबदार धरतो ते असे: राजारामपुरीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव, वाटपाचा प्रोग्रॅम लिहिणारी त्यांची सून, आणि तळमजल्यावरचे गुळाचे व्यापारी. यादीत चौथाही एक इसम आहे; तो कोण, हे मला पुढे कळले.

प्रश्न गाड्या लावण्याच्या बारा जागांचा होता. आमची गाडी पत्नी चालवते. मी कधी शिकलो नाही. दर सोमवारी ती मलकापूरला अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या बहिणीकडे जाते. ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसल्याने दुखरा डावा गुडघा त्यात आडवा येत नाही. उतारावरून चालणे मात्र तिला अजिबात झेपत नाही, आणि गाडीची किल्ली ती कोणाच्या हाती देत नाही. मी यादीत पहिली लिफ्टजवळची जागा लिहिली, दुसरी कडुनिंबाखालची, आणि अगदी शेवटी मागच्या उतारावरची. आम्हाला मिळाली ती उतारावरची.

दिवाणी न्यायालयात सारी नोकरी झाल्यामुळे मला निकालापेक्षा त्यामागची कागदपत्रे अधिक बोलकी वाटतात. वाटपाआधी चिठ्ठ्या उचलून ठरवलेला सभासदांचा क्रमही फलकावर लावला होता. माझा क्रम दुसरा. नववा क्रम असलेल्या व्यापाऱ्यांना कडुनिंबाची जागा, आणि दुसऱ्याला उतार? येथे काहीतरी शिजले आहे, याची मला खात्री पटली. मी सचिवांना तीन पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. मी पोच घेतली होती.

व्यापारी जिन्यात भेटले. मी सरळ विचारले, कोणाला भेटलात?

"कुणाला न्हाय की!" ते मोठ्याने हसले. "काका, तुमी लिफ्टची जागा पयली लिवली व्हय? आवो, तितं समद्यांची उडी पडणार, हे काय ठाव न्हवतं? मलाबी तीच पायजे हुती. पर म्या कडुनिंब पयला लिवला. कोर्टात एवढी वर्सं काढलासा, आन् कागदावर खरं लिवून आलासा!"

हा माणूस आपले खोटे मला उघड्यावर सांगत होता, आणि नियमात ते गुन्हाही नव्हते.

मग मी सचिवांच्या सुनेकडे गेलो. ती संगणकशास्त्र शिकवते. तिने चहा ठेवला आणि माझ्याच पत्राच्या पाठीवर चौकटी काढल्या. "काका, प्रोग्रॅमने आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंती पाहिल्या. लिफ्टची जागा मागणारे सातजण. त्यात पहिल्या क्रमाला ती मिळाली, तुम्ही राहिलात. दुसरी पसंती पाहायची वेळ आली तोवर कडुनिंब गेलेला होता. पुढच्या फेऱ्यांतही असंच झालं. याला गेम थिअरी म्हणतात: दुसरे काय लिहितील याचा अंदाज बांधून आपण लिहायचं. नियमच असा की खरं लिहिणारा मागे पडतो."

"मग दुसरा नियम नव्हता?"

"होता. क्रमाने एकेकाला बोलवायचं आणि त्याच्या यादीतली उरलेली सगळ्यात वरची जागा द्यायची. त्यात खोटं लिहून कोणालाच काही मिळत नाही. तुम्हाला कडुनिंब मिळाला असता."

मी आवाज चढवला. मग हा नियम कोणी घातला?

तिने सभेचे इतिवृत्त पुढे सरकवले. 'पहिल्या पसंतीस प्रथम प्राधान्य; त्यात कोणताही बदल करू नये.' अक्षर माझे होते, वाक्यही माझेच. त्या रविवारी ती काही सांगू पाहत होती, तेव्हा मीच म्हणालो होतो, "बाई, प्रोग्रॅममध्ये शब्द न् शब्द असाच उतरवा." मला ते वाक्य न्याय्य वाटले होते. आजही वाचताना तसेच वाटते, हीच त्यातली भीती आहे.

तेव्हा चौथा इसम मी. सुनेचे नाव मी यादीतून काढतो. व्यापाऱ्यांचेही, नाइलाजाने.

सचिवांचे काढत नाही. त्यांचा चिठ्ठीक्रम अकरावा, आणि गाडी फाटकाजवळच्या उत्तम जागेत. ती जागा पहिली लिहिण्याचे त्यांना कसे सुचले? घरातले शहाणपण त्यांनी घरापुरतेच ठेवले काय? मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "आता झालं ते झालं." नियम बदलण्याचा माझा अर्ज त्यांनी येत्या सभेच्या विषयपत्रिकेतही घेतलेला नाही.

तीन सोमवार गेले. पत्नी खिडकीतून उताराकडे पाहते आणि बहिणीशी फोनवर बोलते. मला दोष देत नाही. त्याचा मला अधिक त्रास होतो.

म्हणून ही मागणी. येत्या सभेत मी प्रथम उभा राहून माझी चूक सर्वांसमक्ष वाचून दाखवीन. त्यानंतर सचिवांनी, त्याच सभेत, सर्वांच्या देखत सांगावे: मंगळवारी यादी भरताना खरे लिहिणारा हरणार हे आपणास ठाऊक होते की नव्हते? आणि ठाऊक असेल, तर आम्हाला का सांगितले नाही?